ओला कोपरा

दवाखाना बंद केल्यावर दाढबाईंनी बाग करायचं ठरवलं. दाढबाई हे नाव गावाने ठेवलेलं. गावातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनी कधी ना कधी कोरल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांनी भीतीने दुसरा डॉक्टर गाठला होता. त्यांचं खरं नाव फक्त पाटीवर असायचं. पाटी उतरवली तेव्हा तेही उतरलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. आजवर लोकांच्या तोंडात वाकून पाहिलं, आता जमिनीकडे वाकून पाहायचं, असं त्या म्हणत.

घरामागे लांबट मोकळी जागा होती. पूर्वी तिच्या मधोमध अक्रोडाचं मोठं झाड होतं आणि त्याच्याखाली गवतसुद्धा धड उगवत नसे. झाड तोडल्यापासून तिथे दिवसभर ऊन पडू लागलं. बाईंनी तिथे वाफे केले, टोमॅटो लावले, घेवड्याला काठ्यांचा आधार दिला, कुंपणापाशी गुलाब लावले. पहिल्या वर्षी सगळं छान आलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळा कडक निघाला आणि नगरपालिकेने नळाच्या पाण्याने बाग शिंपायला बंदी केली. बाई भांडी धुतलेलं पाणी बादलीने नेऊन घालू लागल्या. खांदा धरला. घेवडा तरीही सुकायचा तो सुकलाच.

तेव्हा विहिरीचा विचार आला. बागेपुरती, हाताने कोरलेली, वर साधा हातपंप असलेली. नगरपालिकेत जाऊन त्यांनी विचारलं, तर कारकून म्हणाला, तुमच्याच जमिनीतलं पाणी आहे, बागेपुरतं घ्यायला कोणाची ना नाही, पण आधी पाणी तर सापडू दे.

ते कुठे सापडेल याबद्दल बाईंना शंका नव्हती. भिंतीलगतचा मागचा कोपरा बारा महिने ओला असायचा. सगळी जमीन तडकली तरी तिथे गवत हिरवंगार. पुदिना कोणी लावला नव्हता तरी माजला होता. संध्याकाळी तिथून बेडूक ओरडायचे. दगडाखाली बोट घातलं तर चिखल लागायचा.

त्या भिंतीपलीकडे धाकट्या दिरांचं घर होतं. मूळ जागा एकच. सासऱ्यांनी ती दोन मुलांत वाटली आणि मध्ये छातीभर उंचीची भिंत घातली. दोघं भाऊ ती भिंत असूनही बरीच वर्षं गुण्यागोविंदाने राहिले. मग धाकट्या दिरांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला.

दीर विमा कंपनीत होते. कुठे आग लागली, छत कोसळलं, गाडी ठोकली, की जाऊन पाहायचं आणि नुकसान कोणामुळे झालं ते ठरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी आपल्या भिंतीचीही तशीच पाहणी केली आणि निकाल दिला की दादाच्या अक्रोडाची मुळं पायाखाली शिरली आहेत. दादांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, ते पटलं नव्हतं. झाड त्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं. पण भावाशी रोज उठून वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोन उन्हाळे त्यांनी कसेबसे काढले आणि तिसऱ्या वर्षी माणसं बोलावून झाड पाडलं. त्यानंतरच्या थंडीत ते हृदयविकाराने गेले. झाडाचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे बाई डॉक्टर असल्याने त्यांना पक्कं माहीत होतं. तरी मनात या दोन गोष्टी शेजारीशेजारी बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. तडा मात्र वाढतच राहिला. आता मुळं कुजताहेत म्हणून माती खचतेय, असं दीर म्हणाले. ते बाईंच्या कानावर आलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं राहिलं ते फक्त जावाजावांचं, तेही भिंतीवरून, कपडे वाळत घालताना.

विहीर खोदायच्या आधी बाईंनी पाणाड्याला बोलावलं. त्यांचा विश्वास होता असं नाही. पण ओळखीचा माणूस होता, निवृत्त बसचालक, आणि त्याची पुढची कवळी बाईंनीच बसवली होती. बोलावलं नसतं तर त्याला वाईट वाटलं असतं. दोन वाकवलेल्या तारा हातात धरून तो बागभर फिरला आणि ओल्या कोपऱ्यात आल्यावर तारा एकमेकींवर आडव्या झाल्या. तो समाधानाने बाईंकडे पाहत राहिला. बाई म्हणाल्या की हे पुदिन्यालाही माहीत होतं.

त्यानंतर विहिरी खोदणारा आला. त्याचं मोठं यंत्र घराशेजारच्या बोळातून आत येईना, म्हणून त्याने हाताने फिरवायचं लांब गिरमिट आणलं. दांड्याला दोन्हीकडून धरायचं, गोल फिरायचं, पातं मातीने भरलं की वर काढून झटकायचं. कंबरभर खोलीवर माती काळी चिकट झाली आणि छातीभर गेल्यावर भोकात पाणी चमकलं. इतक्या वर पाणी लागलेलं आपण या गावात पाहिलं नाही, नशीबवान आहात, असं विहीरवाला म्हणाला. त्याने भोकं पाडलेला पाइप आत सोडला, भोवती बारीक खडी भरली, वर पंप बसवला. पाणी स्वच्छ होतं. पंप मारला की येई, थोडं थांबलं की पुन्हा भरे.

तो उन्हाळा बाईंना फार सुखाचा गेला. गावात सगळ्यांच्या बागा पिवळ्या पडल्या आणि त्यांचे टोमॅटो काठ्यांना वाकवू लागले. जाऊबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडे काय जादू आहे?" बाईंनी त्यांना टोपलीभर घेवडा दिला. दिरांनी तो खाल्ला की नाही, ते कळलं नाही.

मग दीर आणि जाऊबाई मुलीकडे राहायला गेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांत बाईंचा पंप कोरडा वाजू लागला. त्यांनी वरून बॅटरी मारून पाहिलं तर तळाशी नुसता चिखल. विहीरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उन्हाळ्याचं पाणी खाली जातंच, धीर धरा. बाईंनी धीर धरला, बादल्या पुन्हा सुरू केल्या आणि मनातल्या मनात काकड्यांचा निरोप घेतला.

पुढच्या आठवड्यात दिरांची गाडी फाटकाशी थांबली. त्याच संध्याकाळी बाई सवयीने पंपाशी गेल्या. दांडा दाबताच पाणी आलं.

पाऊस पडला नव्हता. बाई पंपाचा दांडा धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. दीर कुठेही निघाले की फाटकापाशी वाकून रस्त्यावरून घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी बंद करतात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांच्या कामात त्यांनी फुटलेल्या नळांनी बुडालेली घरं पाहिली होती, म्हणून ते दोन दिवसांसाठी गेले तरी चावी बंद करत.

दाढदुखीत असं पुष्कळदा होतं. माणूस बोट ठेवून सांगतो ही दाढ दुखतेय, आणि कीड शेजारच्या दाढेत असते. बाईंनी दुखरी दाढ सोडून शेजारची तपासायची ठरवली. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांचे दात किडतात म्हणून गावच्या पाण्यात फ्लोराइड घालावं, यासाठी त्यांनीच नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ते किती घालतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. जमिनीतल्या पाण्यात तेवढं असायचं काही कारण नव्हतं. पंपाचं पाणी बाटलीत भरून त्या तपासणीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथला तंत्रज्ञ जुन्या ओळखीचा होता. त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "बाई, चुकून नळाचंच पाणी भरलंत का?"

बाईंनी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

म्हणजे त्यांची विहीर ही विहीर नव्हतीच. दिरांचा नळ जमिनीखाली कुठेतरी फुटला होता आणि ते पाणी उताराने भिंतीखालून येऊन त्यांच्या कोपऱ्यात साठत होतं. आणि कोपरा काही आज ओला झाला नव्हता. झाड असतानाही तो ओलाच होता. तेव्हा यजमान म्हणायचे की सावलीमुळे ओल राहते. नळ जिथून घरात शिरत होता, ती स्वयंपाकघराचीच बाजू होती. इतकी वर्षं पाणी पायाखालची माती थोडी थोडी धुऊन नेत होतं आणि दोष झाडाच्या डोक्यावर आला होता.

हे कळल्यावर बाईंनी लगेच जाऊन सांगितलं, असं झालं नाही. काही दिवस त्यांनी पंप मारला आणि बाग शिंपली. घेवडा नुकता पुन्हा फुलावर आला होता. सांगितलं तर नळ दुरुस्त होणार आणि पंप कायमचा कोरडा पडणार, हे उघड होतं. शिवाय जाऊन सांगायचं कोणाला? ज्याने भावाचं झाड पाडायला लावलं, त्याला? पडू दे त्याची भिंत, असंही एकदा मनात आलं. मग स्वयंपाकघरात जाऊबाईच उभ्या असतात, हे आठवलं आणि त्या विचारात काही गोडी उरली नाही.

शेवटी गोष्ट त्यांच्या हातात राहिली नाही. जाऊबाईंनी भिंतीवरून अवघडल्या आवाजात सांगितलं की घरात गवंडी येऊन गेला. तो म्हणतो, भिंतीला बाहेरून टेकू द्यावा लागेल. आणि यांचं म्हणणं आहे की तुमच्या बागेत झाडाचा जो बुंधा आणि मुळं राहिली आहेत तीही खणून काढावीत. वाफे मोडावे लागतील. तुम्हाला विचारायला यांना संकोच वाटतो, म्हणून मी विचारते.

बाई म्हणाल्या, "मीच येते."

दिरांच्या फाटकातून त्या कित्येक वर्षांत आत गेल्या नव्हत्या. दीर स्वयंपाकघरातच होते. भिंतीला आतून दोन लाकडी खांबांचा तात्पुरता टेकू दिलेला होता आणि ओट्यावरची सगळी भांडी काढून जेवणाच्या टेबलावर रचलेली होती. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: चावी, कोरडा पंप, गाडी परत आल्याची संध्याकाळ, प्रयोगशाळा.  मग दिरांनी कामावर असल्यासारखे प्रश्न विचारले. कोपरा कधीपासून ओला आहे, पाणी किती वेळात भरतं, मधल्या काळात पाऊस झाला होता का. बाईंनी उत्तरं दिली. ते बाहेर गेले, फाटकापाशी वाकून चावी बंद केली आणि म्हणाले, "चला, पाहू."

बाईंच्या बागेत दोघांनी आळीपाळीने पंप मारून भोक रिकामं केलं. मग थांबले. नेहमी जेवढ्या वेळात पाणी भरे, तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. तळाशी चिखलच राहिला. दिरांनी भिंतीवरून हाक मारून जाऊबाईंना चावी उघडायला सांगितली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग तळाच्या चिखलाला हळूहळू चमक आली, ती पसरली आणि वर चढू लागली.

दीर त्या भोकाकडे पाहत राहिले. त्यांच्या मागे वाफ्याच्या कडेला झाडाचा बुंधा होता. बाई त्यावर कुंड्या ठेवत.

"दादाने झाड पाडलं तेव्हा मी इथेच उभा होतो," ते म्हणाले. "मुळासकट काढ, असं मीच सांगितलं."

"हो," बाई म्हणाल्या.

या क्षणासाठी त्यांनी कितीतरी वाक्यं जपून ठेवली होती. रात्री झोप आली नाही की त्या ती घासूनपुसून ठेवत. आता त्यातलं एकही तोंडात येईना. समोर साठी उलटलेला एक माणूस मातीने भरलेले हात अंगापासून लांब धरून उभा होता, आणि त्याची हनुवटी यजमानांसारखीच होती. बाईंनी पाण्याची बादली त्याच्यापुढे सरकवली. त्याने हात धुतले. मग तो आपल्या घरी गेला.

नळ दुरुस्त करणाऱ्याने दिरांचं मागचं अंगण खणलं. पायाला लागूनच जुन्या लोखंडी नळाचा सांधा गंजून उघडा पडला होता आणि त्याच्याखाली एक माणूस बसेल एवढी पोकळी झाली होती. तिच्यात काँक्रीट भरलं. नवा नळ घातला. गवंड्याने तड्यावर प्लॅस्टरची पट्टी लावून ठेवली, भिंत पुन्हा हलली तर ती तुटेल म्हणून. ती तुटली नाही. बाईंचा पंप बंद पडला, बेडूक कुठे गेले कोणास ठाऊक, पुदिना करपला. पाणाड्या एकदा बाजारात भेटला. त्याला सगळी हकिकत कळली होती. तो मुळीच ओशाळला नव्हता. "मी पाणी आहे म्हणालो होतो," तो म्हणाला. "ते कोणाचं, हे तारा सांगत नाहीत."

पुढच्या उन्हाळ्यात जमीन तडकायला लागली त्या सुमारास एका सकाळी दीर भाड्याचं गिरमिट खांद्यावर घेऊन आले. त्याला जोडायचे जादा दांडेही आणले होते.

"वहिनी, माझ्यामुळे तुमचं पाणी गेलं," ते म्हणाले.

"ते तुमचंच होतं, भाऊजी."

"असू दे. आता खरं शोधू."

त्यांनी शोधही पाहणीसारखाच केला. गावात ज्यांच्याकडे जुन्या विहिरी होत्या त्यांच्याकडे जाऊन, दोरीला दगड बांधून, पाणी किती खाली आहे ते पाहिलं. ओढ्याच्या बाजूच्या विहिरींत पाणी वर होतं, टेकडीच्या बाजूला खाली. म्हणजे या गल्लीत ते कुठेतरी मधे असणार, गिरमिटाच्या आवाक्यात, पण फार वर नाही. बाईंनी आपल्या बागेतली सगळ्यात सखल जागा निवडली. दोघं दांड्याच्या दोन बाजूंना धरून गोल फिरू लागले. साठीच्या पुढची दोन माणसं घाण्याच्या बैलांसारखी फिरताना पाहून जाऊबाईंना हसू आवरेना. त्या मधून मधून पाणी आणून देत. कामात बोलायची गरज नव्हती आणि दोघांनाही ते सोयीचं होतं.

पहिल्या ठिकाणी कमरेइतकंही गेलं नाही तोच गिरमिट दगडावर खरखरलं. थोडं सरकून पुन्हा कोरलं, पुन्हा दगड. बाईंच्या हाताला त्या खरखरीची ओळख होती. इथे जोर करून उपयोग नाही, पातंच मोडेल, असं त्या म्हणाल्या. दुसरी जागा घेतली. तिथे राखाडी चिकणमाती लागली ती संपेचना. पातं वर काढलं की चिकणमाती त्याला कणकेसारखी चिकटलेली असे, ती चाकूने खरवडावी लागे. सगळे दांडे जोडून झाले तरी माती तशीच, ओलसर, पण पाणी न सोडणारी. त्या दिवशी दोघं बसून घाम पुसत होते. बाई म्हणाल्या की पुरे झालं, मी पुन्हा बादल्या नेईन.

दिरांनी विचारलं, "माझ्याकडच्या मागच्या टोकाला पाहायचं का? घर उंचावर आहे, पण मागे जमीन ओढ्याकडे उतरते, ती जागा याहून सखल आहे."

बाईंना ते आवडलं नाही. स्वतःच्या बागेची विहीर दुसऱ्याच्या जमिनीत. नळाच्या पाण्यावर एक उन्हाळा काढला तेवढं बस झालं, असं त्यांच्या मनात होतं. पण गिरमिट भाड्याचं होतं, दांडे जोडलेलेच होते, आणि कुठे पाणी आहे ते पाहायची त्यांची उत्सुकता काही शमली नव्हती. म्हणाल्या, पाहू तर खरं.

दिरांच्या मागच्या टोकाला आधी भुसभुशीत माती लागली, मग तीच चिकणमाती, पण पातळ थराची. तिच्याखाली पातं एकदम हलकं झालं. वर काढलं तर त्यात जाड वाळू होती, ओली, आणि पात्यावरून पाणी थेंब थेंब गळत होतं. बाईंनी ती वाळू तळहातावर घेऊन दाबली. बोटांतून पाणी निघालं. त्यांनी त्याचा वास घेतला. मातीचा वास होता, दुसरा कसलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी सोडून पाहिलं तर पाणी स्थिर उभं होतं. या खेपेलाही त्यांनी बाटली भरून प्रयोगशाळेत नेली. तंत्रज्ञ म्हणाला की हे काही नळाचं नाही, हे जमिनीचं आहे, लोह जरा जास्त आहे, कपडे धुऊ नका.

विहीरवाल्याने पाइप घातला. या वेळी विजेचा पंप बसवला, तो दिरांच्या बाजूला राहिला आणि भिंतीला खाली एक भोक पाडून त्यातून रबरी नळी बाईंच्या बागेत आणली. पाणी पूर्वीच्या कोपऱ्यासारखं भरपूर नव्हतं. थोडा वेळ उपसलं की दम घ्यायचं आणि जास्त उपसलं तर वाळू वर आणायचं. गुलाबांना पुरलं नाही, ते बाईंनी काढून टाकले. भाजीला पुरलं. जाऊबाईंनीही आपल्या अंगणात वाफे केले आणि पाण्यात त्यांचाही वाटा झाला. दिरांनी पंपाच्या वेळा ठरवल्या, कारण वेळा ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि बाई त्या वेळा थोड्याफार मोडत, कारण आजवर त्यांनीच दुसऱ्यांना वेळा दिल्या होत्या. त्यावरून दोघांत अधूनमधून खटके उडत. अक्रोडाबद्दल त्यानंतर कोणी काही बोललं नाही. बाईंनी माफ केलं की नाही, हे जाऊबाईंनी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी बाईंना सांगता आलं नसतं.

एका दुपारी त्या काकड्यांच्या वेलांना पाणी सोडत होत्या. पाण्याला गढूळपणा यायला लागला तरी त्यांनी नळी तशीच धरली. अजून एक सरी बाकी होती. भिंतीपलीकडून दिरांचा आवाज आला, "वहिनी, पुरे. वाळू येतेय."

बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. सरी भरली. मग नळी खाली ठेवून म्हणाल्या, "करा बंद."